शेवटच्या ओळीवरची सही

माळ्याच्या झडपेतून तिचे दोन पाय खाली लोंबत होते, शिडी घसरून जमिनीवर आडवी पडली होती, आणि ज्या घरात त्या वेळी चिटपाखरूही नसायला हवं होतं, त्या घराचं दार कुणीतरी उघडलं.

वर अंधार, खाली परकं माणूस आणि मध्ये आपण... अशा वेळी ओरडायचं की गप्प राहायचं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. तेवढ्यात खालून किंकाळी आली. बाईमाणसाची नव्हे, चांगली भरदार पुरुषाची.

“कोण... कोण आहे? माझ्याकडे छत्री आहे!”

“छत्री असू द्या, आधी शिडी लावा!” ती वरून ओरडली.

शिडी लागली. ती उतरली तेव्हा डोक्यापासून पायापर्यंत धुळीने माखलेली होती, आणि समोर तिशीचा एक उंच माणूस छत्री दोन्ही हातांत धरून डोळे बारीक करून बघत होता.

“मला नुसते पाय दिसले हो,” तो म्हणाला. “छतातून लोंबणारे. चष्मा घरी विसरलो होतो, तोच घ्यायला आलो.”

“घरी म्हणजे... तुम्ही घरमालक?”

“हो. आणि तुम्ही तपासनीस. मला वाटलं होतं, कुणी मिशाळ गृहस्थ असतील.”

“तुमची निराशा झाली, माफ करा.”

“छे छे, निराशा कसली—” तो एकदम ओशाळला. “म्हणजे चष्मा लावला की नक्की काय ते सांगतो.”

चष्मा ओट्यावर सापडला. त्याने तो लावला, तिच्याकडे पाहिलं, आणि सांगितलं काहीच नाही. नुसता पाहत राहिला. तिला उगाचच आपल्या केसांतली धूळ आठवली. गंमत म्हणजे या गृहस्थांचं चष्म्याचंच दुकान होतं. दिवसभर लोकांना नीट दिसावं म्हणून झटायचं आणि स्वतः चष्मा विसरून हिंडायचं! आपण त्याला चष्मेवालाच म्हणू.

तिचं काम असं, की कुणी घर विकत घ्यायचं ठरवलं की त्याआधी ते घर पायापासून छतापर्यंत पाहायचं. गळतं कुठे, वायर कुठे उघडी आहे, वासा कुठे कुजलाय, सगळं लिहून खरेदीदाराच्या हातात द्यायचं. कार्यालय तिच्या आत्याचं. आत्याने आयुष्यात दोन हजार घरं पाहिली होती आणि एकाही घरात घोटभर पाणी प्यायलं नव्हतं. तो तिचा नेमच होता. तपासणी पुरी होऊन अहवालावर सही पडेपर्यंत घरमालकाच्या घरचं काही म्हणजे काही घ्यायचं नाही. “आज पाणी, उद्या चहा, परवा जेवण,” आत्या म्हणायची, “आणि तेरवा त्याच्या भिंतीची भेग तुला बारीक दिसायला लागते.”

म्हणून चष्मेवाल्याने पाण्याचा ग्लास पुढे केला, तेव्हा तिने मान हलवली.

“नियम आहे. माझं पाणी माझ्याजवळ असतं.”

“पाण्याने काय होतंय?”

“तेच तर कुणाला सांगता येत नाही.”

तो हसला आणि ग्लास परत ठेवला. खरं तर त्याने निघून जायला हवं होतं, मालकाने तपासणीच्या वेळी थांबायचं नसतं. पण तो “निघतोच” म्हणत दारात रेंगाळला, आणि तिनेही “निघा” म्हटलं नाही. दोघांचं चुकलंच.

शेवटची राहिली होती मागची खोली. हातात पाटी, पाटीवर तक्ता, प्रत्येक खोलीच्या चार भिंतींना चार चौकोन. पहिली भिंत, खूण. दुसरी, खूण. तिसरी, खूण. चौथ्या भिंतीला छताला टेकेल असं एक जडशीळ लाकडी कपाट लावलेलं होतं. ते हलवून मागे पाहायचं, नाही हललं तर चौकोनात ‘पाहता आली नाही’ असं लिहायचं. ही आत्याची दुसरी शिकवण, आणि ती पाळायला तिने तोंड उघडलंही होतं.

“हलू नका,” तो मागून हळूच म्हणाला. “तुमच्या केसांत कोळ्याचं जाळं आहे... आणि जाळ्याचा मालकही घरातच आहे.”

ती जागच्या जागी थिजली. साठ फूट उंच छतावर चालणारी ही मुलगी कोळ्याला मात्र जाम घाबरायची. त्याने बोटांच्या टोकांनी जाळं उचललं, खिडकी उघडली, कोळी बाहेर सोडला आणि खिडकी पुन्हा लावून घेतली, कारण बाहेर हाडं गोठवणारी थंडी होती. त्याची बोटं तिच्या कानाला जेमतेम लागली असतील. तिला तेवढंच आठवत राहिलं. कपाटाचं विचारायचं राहून गेलं, आणि हाताने आपलं आपण चौथ्या चौकोनात खूण करून टाकली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो कार्यालयासमोरच्या रस्त्यावरच्या बाकावर येऊन बसला. हातात थर्मास.

“तुमचं मी काही घेणार नाही,” ती म्हणाली.

“देतंय कोण? माझा चहा मी पितो, तुमचा तुम्ही प्या. बाक नगरपालिकेचा आहे.”

ती बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली. मध्ये दोन माणसं मावतील एवढी जागा. मंगळवारी असं झालं, आणि बुधवारीही. बुधवारी मात्र मध्ये एकच माणूस मावलं असतं.

तो भरपूर बोलायचा. आईच्या गुडघ्यांना जिना सोसत नाही, ती दोन महिन्यांपासून बहिणीकडे राहतेय. हे घर विकलं की दुकानाजवळ तळमजल्यावर जागा घेऊन तिला आणायचं. वरची खोली ओस पडली, वर एकट्याला करमेना, म्हणून आपण खाली मागच्या खोलीत मुक्काम हलवला.

“आणि तेव्हापासून माझं डोकं ठणकतंय बघा,” तो म्हणाला. “सकाळी उठावं तर कपाळ जड, डोळ्यांपुढे काजवे. दुकानात येईपर्यंत उतरतं. चष्म्याचा नंबर बदललाय, दुसरं काय! या हिवाळ्यात दोनदा काचा बदलल्या, तरी फरक नाही.”

“मग दुसऱ्या चष्मेवाल्याला दाखवा.”

“बघितलंत? वैद्याचं दुखणं ऐकून लोक असेच हसतात. उद्या गुरुवार, दुकान बंद. दुपारी गरम पाण्याने अंघोळ करणार आणि ताणून देणार. परवा तुमचा अहवाल झाला, की मग... तुमच्या नियमाचा काळ संपतो ना?”

“सही झाली की संपतो.”

“मग परवा मी एका थर्मासमध्ये दोघांचा चहा आणणार,” तो म्हणाला. तिचे कान लाल झाले ते थंडीने नव्हे.

गुरुवारी दुपारी ती अहवाल लिहायला बसली. मागच्या खोलीपाशी आली, चौथी खूण पाहिली, आणि लेखणी थांबली. त्या भिंतीचा रंग कोणता होता? तिला आठवेना. ओल होती का? आठवेना. आठवत होतं ते कपाट. आणि बोटं.

आपण न पाहिलेल्या भिंतीवर खूण केली! एवढंच नव्हे, मंगळवारी घर घेणाऱ्या बाईंचा फोन आला होता. त्यांना सातवा महिना लागला होता, आणि त्यांनी विचारलं होतं, “मागची खोली बाळाला दिली तर चालेल ना?” त्यावर ही काय म्हणाली होती? “खुशाल द्या. चारी भिंती ठणठणीत आहेत.”

तिने जाऊन आत्याला सगळं सांगितलं. कोळ्यासकट. आत्याने चष्मा नाकावर खाली घेतला.

“कपाट त्या भिंतीला कुणी लावलं?” आत्याने विचारलं.

“त्यांनीच असेल.”

“आणि तू कपाटाकडे वळलीस, नेमका तेव्हाच त्याला कोळी दिसला?”

हा विचार तिच्या मनाला शिवलाही नव्हता, आणि आता तो जाता जाईना. म्हणजे ते रेंगाळणं, ते हसणं, तो बाक... सगळं त्या भिंतीसाठी? आपण इतक्या सहज फसलो? डोळ्यांत पाणी आलं ते तिने लपवलंही नाही.

“त्या भिंतीत आहे तरी काय लपवण्यासारखं?” आत्याने घराचा नकाशा ओढला. “स्वयंपाकघर पलीकडे. बंब गॅसचा. धुराडं कुठून जातं?”

दोघींची बोटं नकाशावर एकाच रेषेवर आली. बंबाचं धुराडं स्वयंपाकघराच्या भिंतीतून निघून मागच्या खोलीच्या त्या चौथ्या भिंतीवरून, कपाटाच्या मागून, बाहेर जात होतं. तपासणीच्या दिवशी मालकाने बंब बंद ठेवला होता, म्हणून वायू मोजायच्या तिच्या यंत्रात काहीच आलं नव्हतं. एरवी थंडीत तो रात्रंदिवस चालू असायचा. त्यावरच घर गरम राहायचं.

“सकाळी डोकं ठणकतं,” ती पुटपुटली. “बाहेर पडलं की उतरतं...”

“कुणाचं?”

“आत्या, त्यांना माहीत नाहीये. माहीत असतं तर ते तिथे झोपले नसते!”

त्याने आपल्याला फसवलं नाही, या आनंदाचा तिच्या वाट्याला एक क्षण आला. पुढच्याच क्षणी तिला घड्याळ दिसलं. गुरुवार. दुपार. गरम पाण्याने अंघोळ, बंद खिडक्या आणि ताणून दिलेली झोप. गळक्या धुराड्यातून येणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. तो माणसाला उठवत नाही, झोपवून ठेवतो.

तिने फोन लावला. घंटा वाजत राहिली. पुन्हा लावला. वाजत राहिली. घराची किल्ली अहवाल होईपर्यंत कार्यालयाच्या पाकिटात असायची. तिने पाकीट फाडलं आणि ती धावत सुटली. मागून आत्याचा आवाज आला, “मी रुग्णवाहिका बोलावते! आत दम धरून जा! आधी खिडक्या!”

चार गल्ल्या. तिला त्या चारशे वाटल्या. एका सायकलवाल्याने शिवी घातली, एका पायरीवर गुडघा फुटला, तिला काही कळलं नाही. मनात एकच चाललं होतं—मी ती भिंत पाहिली असती तर. सोमवारीच पाहिली असती तर. तीन रात्री तो माझ्या खुणेवर विश्वासून त्या खोलीत झोपलाय.

घंटी. उत्तर नाही. दार बडवलं. उत्तर नाही. खिडक्यांच्या काचा आतून वाफेने पांढऱ्या झालेल्या. किल्ली भोकात जाईना. दोनदा खाली पडली. तिसऱ्यांदा लागली.

दम धरून ती आत शिरली. स्वयंपाकघराची खिडकी उघडली, बंबाची तोटी बंद केली, बाहेर डोकं काढून श्वास घेतला, पुन्हा आत. मागची खोली. तो पांघरुणात कुशीवर झोपला होता, गाल लालबुंद, छान निवांत. तिला तो निवांतपणाच सगळ्यात भयंकर वाटला. तिने खिडकी सताड उघडली.

“उठ! ए, उठ ना! ऐकतोयस का? उठ!”

त्याच्या ओठांतून काहीतरी आलं, “पाच मिनिटं...” असं. जिवंत आहे! तिने पांघरुणासकट त्याला खाली ओढलं आणि तसंच फरफटत बाहेरच्या पायऱ्यांवर आणलं. एवढं बळ कुठून आलं, ते तिला पुढेही कधी सांगता आलं नाही. थंड वारा लागल्यावर तो खोकला, भडभडून ओकला, आणि मग त्याने डोळे किलकिले केले.

“तपासनीसबाई... दोन-दोन दिसताय.”

“दोघीही इथेच आहोत,” ती म्हणाली आणि ओक्साबोक्शी रडायला लागली. रुग्णवाहिका येईपर्यंत तिने त्याचा हात सोडला नाही.

संध्याकाळी गॅसवाल्याने कपाट हलवलं. मागे धुराड्याच्या पाइपचा सांधा वीतभर सुटलेला होता आणि भिंतीवर काजळी धरली होती. कपाटाच्या पाठीवर पाइपला लागल्याचा ओरखडाही होता. दोन महिन्यांपूर्वी आपली गादी मागच्या खोलीत घालताना चष्मेवाल्याने स्वतःच ते रेटून भिंतीला लावलं होतं, आणि त्या धक्क्यातच सांधा निखळला होता.

शुक्रवारी तिने घर घेणाऱ्या बाईंना फोन केला. बोलण्याआधी तिने तीनदा नंबर फिरवून तीनदा ठेवला होता.

“मी तुम्हाला चारी भिंती ठणठणीत आहेत म्हणाले होते. मी तीनच पाहिल्या होत्या. चौथीमागे विषारी वायू गळत होता.”

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

“तुम्ही गुपचूप पाइप बसवून घेतला असतात,” त्या बाई म्हणाल्या, “तर आम्हाला कळलंही नसतं.”

“म्हणूनच सांगतेय.”

“मला भयंकर राग आलाय तुमचा,” त्या म्हणाल्या. “पण खरं काय ते तुमच्याकडूनच कळलं. आता ते घर दुसऱ्या कुणाकडून तरी तपासून घ्या. तो काय म्हणतो त्यावर ठरवू.”

तिने अहवाल पुरा केला. आपली चूक आपल्या हाताने लिहिली, कारणासकट, आणि शेवटच्या ओळीशी आली. दर अहवालाच्या शेवटी आत्याने छापून घेतलेली ओळ असायची, आणि तिच्याखाली सही करावी लागायची. तिने लेखणी टेकवली. उचलली. पुन्हा टेकवली. मग कागद घेऊन ती आत्यासमोर उभी राहिली.

“मला यावर सही करता येत नाही.”

आत्याने ओळ वाचली, तिच्याकडे पाहिलं. “कधीपासून?”

“सोमवारपासून. सकाळी अकराच्या सुमारास.”

“हं.” आत्याने समोरच्या रस्त्याकडे बोट केलं. तिथे तिच्या प्रतिस्पर्ध्याची पाटी होती. त्याच्याशी आत्या वीस वर्षं बोलली नव्हती. “तो खडूस म्हातारा तपासेल ते घर. मी जाते सांगायला. तुझ्यापायी मला त्याच्या दारात जावं लागतंय, लक्षात ठेव.” दारापाशी ती थांबली. “आणि सही केली असतीस, तर आजपासून तुझं इथलं काम बंद केलं असतं मी.”

अहवालाची एक प्रत घरमालकाला द्यायची असते. शनिवारी ती प्रत घेऊन ती चष्म्याच्या दुकानात गेली. त्याला कालच रुग्णालयातून बहिणीच्या घरी सोडलं होतं, आणि आज सगळ्यांची बोलणी खाऊन तो दुकानात येऊन बसला होता. नाकावर जुना चष्मा.

“नंबर बदललाच नव्हता,” तो म्हणाला. “दोन जोड काचा फुकट गेल्या. भिंतीचा दोष मी डोळ्यांवर ढकलत होतो.”

“आणि मी भिंत न बघता तिला चांगली म्हणत होते. तुम्ही मला वाटेल ते बोलू शकता. सोमवारी ते कपाट हलवलं असतं तर—”

“कपाट लावलं कुणी? मी. कोळी दाखवला कुणी? मी. तो कोळी तर जन्मभर माझ्या डोक्यावर बसणार आहे.” मग त्याचा आवाज खाली आला. “मला घाबरायला होतंय अजून. रात्री खिडकी उघडी टाकून झोपलो, थंडीत कुडकुडत. पण डोळे मिटले की एक आवाज ऐकू येतो. कुणीतरी मला ‘उठ ना’ म्हणतंय. अरेतुरे करून.”

तिने अहवाल काउंटरवर ठेवला. त्याने एकेक पान वाचलं. चौथ्या भिंतीचं पान त्याने दोनदा वाचलं. मग शेवटचं.

“इथे सही राहिलीय.”

“राहिली नाही. केली नाही.”

“का?”

“वाचा ना.”

त्याने कागद डोळ्यांजवळ नेला आणि मोठ्याने वाचलं, “‘मी असे प्रतिज्ञेवर लिहून देते, की या घराच्या मालकाशी माझे कोणतेही नाते, मैत्री अथवा... स्नेह नाही.’”

तिला वाटलं, परवा त्या दाराला किल्ली लागत नव्हती तेव्हासुद्धा आपण इतकं घाबरलो नव्हतो. तेव्हा करण्यासारखं काहीतरी होतं. आता नुसतं उभं राहायचं होतं. तो ‘हे काय भलतंच’ म्हणाला तर? हसला तर? तिने नजर काउंटरवर खिळवून ठेवली आणि सगळं धैर्य गोळा केलं.

“खोटी सही मला करता येत नाही,” ती म्हणाली. “म्हणून तुमचं घर मी सोडलं. दुसरे गृहस्थ तपासतील. ते मिशाळ आहेत.”

तो उठला आणि आतल्या बाजूला गेला. संपलं, असं तिला वाटलं. आतून भांड्याचा आवाज आला, मग पाण्याचा. तो परत आला तेव्हा त्याच्या हातात पाण्याचा ग्लास होता, आणि निम्मं पाणी वाटेतच सांडलं होतं.

“सोमवारी तुम्ही नको म्हणालात,” तो म्हणाला. “मला तेव्हाच वाटलं होतं, हिने कधीतरी माझ्या हातचं पाणी प्यावं. रोज प्यावं.”

तिने ग्लास घेतला. त्याची बोटं अजून ग्लासावरच होती, आणि तिने ती काढायला सांगितलं नाही. मग दोन हजार घरांत जे कुणी केलं नव्हतं ते तिने केलं, आणि ग्लास रिकामा करून काउंटरवर ठेवला.

“अजून आहे?” तिने विचारलं.